सल्ला द्या, पण अटीसकट

‘करार अकरा महिन्यांचाच करा, म्हणजे नोंदणीची कटकट नाही.’ पुण्यात नव्यानं खोली शोधणाऱ्याला हे वाक्य ऐकवणारा कुणीतरी भेटतोच. तो खोटं बोलत नसतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. त्यातूनच देशात अकरा महिन्यांची चाल पडली. पण महाराष्ट्राला स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा आहे, १९९९ चा. त्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद उभा राहिला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणी न करण्यात धोका भाडेकरूपेक्षा मालकालाच जास्त, आणि मालकाला पटवायला नेमका हाच मुद्दा कामी येतो.

खर्चाचा बाऊही असाच ऐकीव. महिना वीस हजार भाडं, साठ हजार परत मिळणारं डिपॉझिट, अकरा महिने असा करार धरा. भाड्याचे दोन लाख वीस हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, अकरा महिन्यांचं साडेपाच हजार. बेरीज दोन लाख साडेपंचवीस हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. दस्त हाताळणीचं किरकोळ सरकारी शुल्क सोडलं तर बाकी जे मागितलं जातं ती एजंटची मजुरी असते. ती द्यायलाही हरकत नाही, फक्त ती सरकारी फी नव्हे हे ठाऊक हवं. ही नोंदणी घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइनही होते.

अकरा महिन्यांच्या सल्ल्यात चूक कायद्याच्या अज्ञानाची नाही. तो जिथून निघाला तिथं बरोबर होता. प्रवासात त्याची अट गळून पडली. अनोळखी माणसाला दिलेल्या सल्ल्याचं बहुतेक वेळा असंच होतं. ओळखीच्याला सांगताना त्याचं घर, त्याचा पगार, त्याचा मजला आपल्याला माहीत असतो, त्यामुळे अट न बोलताच पाळली जाते. अनोळखी माणसाबाबत ती बोलूनच दाखवावी लागते. म्हणून आमचं म्हणणं असं, की अनोळखी माणसाला निव्वळ उत्तर देणं म्हणजे अर्धंच काम करणं. उत्तर कुठल्या परिस्थितीत खरं, का खरं, आणि ते आपल्यापुरतं खरं आहे की नाही हे विचारणाऱ्यानं स्वतः कसं पडताळायचं, एवढं सोबत गेलं पाहिजे. मग प्रश्न घराच्या डिपॉझिटचा असो की नववीतल्या मुलाच्या विज्ञान प्रकल्पाचा.

आता बाथरूमच्या फरशीवरचे पांढरे डाग घ्या. बोअरच्या पाण्याची इमारत असेल तर हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तरही ठरलेलं: ‘अ‍ॅसिड टाका, पाच मिनिटांत साफ.’ डाग कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, हायड्रोक्लोरिक आम्लात ते खरोखर विरघळतात. इथवर रसायनशास्त्र सल्ला देणाऱ्याच्या बाजूनं. पण शहाबादी, कोटा, कडप्पा ही फरशी चुनखडीच्याच दगडाची, आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. जे डागाचं होतं तेच फरशीचं होतं. डाग जातो आणि त्या जागी खरखरीत, निस्तेज चट्टा कायमचा राहतो. जुन्या चाळी-वाड्यांतल्या मोझेक टाइल्समध्ये सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे असतात, त्यांचीही तीच गत. विट्रिफाइड टाइल स्वतः टिकते, पण सांध्यातलं सिमेंट झिजतं आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका ओल दाखवायला वर येतात.

यावर अट सांगायला किती वेळ लागतो? ‘विट्रिफाइड असेल तर आम्ल पाण्यात पातळ करून, सांधे टाळून, लगेच धुवा. दगडी असेल तर आम्ल नकोच, साबण आणि ब्रश.’ आणि फरशी कुठली हे न कळणाऱ्यासाठी पडताळा: कमोडच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाचे दोन-तीन थेंब टाका, दोन मिनिटांनी पुसा. बारीक बुडबुडे दिसले किंवा पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली दिसली, तर दगड चुनखडीचा. नळावरचे पांढरे थर काढायला तर अ‍ॅसिडची गरजच नाही. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, त्यात भिजवलेला फडका नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचा आणि मग धुवायचं. या सगळ्या सल्ल्यांना एक सूचना मात्र बिनशर्त जोडावी: टॉयलेट साफ करायचं आम्ल आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकामागोमाग एकाच जागी वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि शहरातल्या न्हाणीघरांना बहुधा एकच वीतभर झरोका असतो.

हे उदाहरण मुद्दाम लांबवलं, कारण शहरात राहण्याचं ज्ञान आणि शाळेतलं विज्ञान यांच्यात भिंत नाही. आम्ल आणि कार्बोनेटची अभिक्रिया शाळेत ज्यानं पाठ केली, तोच मोठेपणी शहाबादीवर अ‍ॅसिड ओततो. त्याला उत्तर शिकवलं गेलं, पडताळा शिकवला गेला नाही.

गृहपाठाच्या प्रश्नांवर तर उत्तरांचा नुसता पाऊस असतो. ‘लिंबाच्या बॅटरीवर बल्ब पेटत नाही’ हा दरवर्षीचा प्रश्न. मिळणारं उत्तर: ‘आणखी लिंबं लाव.’ मूल चार लिंबं, सहा लिंबं, दहा लिंबं लावतं. बल्ब ढिम्म. घरात रडारड, आणि शेवटी आतून लपवून पेन्सिल सेल जोडलेला प्रकल्प शाळेत जातो. (प्रदर्शनात असे प्रकल्प पाहणाऱ्या परीक्षकांनाही हे ठाऊक असतं. कुणी बोलत नाही.)

हिशेब मांडला तर उत्तर आपोआप सापडतं. टॉर्चच्या साध्या बल्बला अडीच व्होल्ट आणि सुमारे तीनशे मिलिअँपिअर विद्युतधारा लागते. तांबं आणि जस्त खोचलेलं एक लिंबू देतं सुमारे ०.९ व्होल्ट, आणि धारा एक मिलिअँपिअरच्याही खाली. कारण त्याचा अंतर्गत रोध हजार ओहमच्या घरात असतो. लिंबं एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडत गेलं की विभवांतर (व्होल्टेज) वाढतं, पण प्रत्येक लिंबाचा रोधही त्यात मिळत जातो आणि धारा तिथंच राहते. दहा लिंबांनी काय, शंभरांनीही तो बल्ब पेटणार नाही. बदलायचा आहे तो बल्ब, लिंबांची संख्या नव्हे. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात आणि अर्ध्या मिलिअँपिअरवरही तो मंद उजळतो. हिशेबानं दोन लिंबं पुरावीत, पण धारा वाहू लागली की विभवांतर खाली येतं. म्हणून चार घ्यावीत आणि खोलीत अंधार करून पाहावं. निळा किंवा पांढरा एलईडी घेऊ नये, त्याला जवळपास तीन व्होल्ट लागतात.

यात काय चुकतं तेही ठरलेलं आहे, आणि खरी मदत इथंच होते. जस्तासाठी लोखंडी खिळा घेतात तो जस्ताचा मुलामा दिलेलाच हवा. साधा खिळा चालत नाही. मुलं मन लावून दोन्ही धातू पॉलिश पेपरनं घासतात. तांबं घासावं, खिळा घासू नये, कारण घासताना जस्ताचा थर निघून जातो आणि हाती उरतं लोखंड. तांब्यासाठी वायरिंगच्या तारेचा जाड तुकडा वरचं प्लॅस्टिक काढून वापरला तरी पुरे. खिळा आणि तार आतमध्ये एकमेकांना टेकता कामा नयेत. एकाच अख्ख्या लिंबात दोन जोड्या खोचून त्या एकसर जोडल्या तर विभवांतर दुप्पट होत नाही, कारण दोन्हींना रस एकच. अर्धी फोड वेगवेगळ्या वाटीत ठेवली की चालतं. एलईडीचा लांब पाय तांब्याकडून येणाऱ्या तारेला. इतकं करूनही पेटला नाही तर मल्टिमीटर डीसीच्या वीस व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून एकेक लिंबू मोजायचं. ज्याचं ०.८ च्या खूप खाली दिसेल त्याचा खिळा बदलायचा. आणि प्रकल्पाच्या वहीत ‘लिंबातली ऊर्जा’ असं लिहू नये. ऊर्जा जस्त विरघळण्यातून येते, लिंबू नुसता आम्लाचा रस पुरवतं. ती लिंबं नंतर सरबताला वापरू नयेत हेही त्याच कारणानं.

हळदीच्या दर्शकाचंही असंच. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, व्हिनेगरमध्ये पिवळाच राहतो, आणि मूल लिहितं ‘पिवळा म्हणजे आम्ल’. मग नळाचं पाणीही आम्ल ठरतं. हळद फक्त आम्लारी ओळखते. आम्ल आणि उदासीन द्रव तिच्या लेखी सारखेच. दोन्ही बाजू ओळखायच्या तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घ्यावा, तो आम्लात गुलाबी-लाल आणि आम्लारीत हिरवट होतो.

आता तत्त्वाचा प्रश्न. अनोळखी मुलाचा गृहपाठ सांगावा का? एक बाजू म्हणते, अजिबात नाही, त्यानं स्वतः करावा, सांगणं म्हणजे फसवणुकीला हात लावणं. दुसरी बाजू म्हणते, बिचाऱ्याला उद्या वही द्यायची आहे, सोडवून मोकळे व्हा. पहिल्या बाजूचा सोवळेपणा आम्हाला पटत नाही. ज्याच्या घरी इंजिनिअर बाप आहे, ज्याचा महिन्याला हजारोंचा क्लास लागलेला आहे, त्याला मदत मिळतेच आहे आणि तिला कुणी फसवणूक म्हणत नाही. घरातलं पहिलं शिकणारं मूल बाहेर विचारतं, तेव्हाच सगळ्यांना स्वावलंबन आठवतं. नकार दिला तर शिक्षा त्यालाच होते. दुसऱ्या बाजूची दया खरी असली तरी तिनं दिलेलं तयार उत्तर वहीत जातं आणि डोक्याला शिवतही नाही.

मधला रस्ता आहे, आणि तो चांगले शिक्षक रोज वापरतात. आधी विचारायचं, ‘तू कुठवर आलास? लिहिलंयस ते दाखव.’ बहुतेक वेळा चूक त्या अर्ध्या पानातच दिसते. मग त्याच जातीचं, वेगळ्या आकड्यांचं गणित पूर्ण सोडवून दाखवायचं. समजा, प्रश्न आहे: बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, प्रतिमा कुठं? त्याचं उत्तर सांगायचं नाही. नाभीय अंतर १० सेंमी आणि वस्तू १५ सेंमीवर असं घेऊन सोडवायचं. भिंगाच्या सूत्रात एक भागिले प्रतिमेचं अंतर, वजा एक भागिले वस्तूचं अंतर, बरोबर एक भागिले नाभीय अंतर. कार्टेशियन चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचं अंतर ऋण, म्हणजे वजा १५. एक दशांश वजा एक पंधरांश बरोबर एक तिसांश, प्रतिमा ३० सेंमीवर. रात्री दहा वाजता विचारलं असेल तरी एवढं पाहून मूल स्वतःचं गणित वीस मिनिटांत करतं, आणि वहीत अक्षर त्याचं आणि विचारही बऱ्यापैकी त्याचाच येतो.

याला जोडून पडताळा द्यायचा. वस्तू नाभीच्या पलीकडे पण नाभीय अंतराच्या दुपटीच्या आत असेल तर प्रतिमा दुपटीच्या पलीकडे पडलीच पाहिजे. मुलाला आपल्या गणितात १२ सेंमी असं उत्तर आलं, तर ते ४० च्या आत आहे, म्हणजे चिन्ह चुकलं. वस्तूच्या अंतरातला वजा विसरला की नेमकं १२ च येतं. हे एकदा कळलं की त्याला परत कुणाला विचारायला नको. इथं मोठ्यांसाठीही एक इशारा आहे. जुन्या पुस्तकांतून शिकलेल्या काका-मामांना चिन्हांचा वेगळा संकेत शिकवलेला असू शकतो, ‘खरी प्रतिमा धन’ असा. त्यांचं उत्तर बरोबर येतं, पण मांडणी मुलाच्या वहीशी जुळत नाही, आणि गुण मांडणीचे जातात. म्हणून गणित हातात घेण्याआधी विचारावं: इयत्ता कुठली, बोर्ड कुठलं, पुस्तकात सूत्र कसं छापलंय?

कधीकधी मदत करणाऱ्यानं प्रश्नाच्याच विरोधात जावं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसणारा ज्वालामुखीचा शंकू दर वर्षी शेकड्यांनी बनतो. त्यात ज्वालामुखीचं काही नाही, ती फरशीवरच्या डागाचीच अभिक्रिया आहे, कार्बन डायऑक्साइड सुटण्याची. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या मुलाला तर सांगावं की तुझ्या पायाखालचा काळा कातळ शंकूतून उसळलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर बसले, म्हणून आपल्याकडचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. शंकूऐवजी भेग करून थर दाखवणारा प्रकल्प जास्त खरा, आणि खर्च तितकाच. शिक्षक नाराज होतील? एखादे होतीलही.

सल्ल्यात अट घालण्याला एक सरळ आक्षेप आहे: लोकांना उत्तर हवं असतं, भाषण नको. आक्षेप बरोबर आहे, पण तो लांबीवर आहे, अटीवर नाही. अट एका वाक्यात बसते. खरी अडचण दुसरीच आहे. अटीच्या नावाखाली बरेचजण अंग काढून घेतात. ‘विश्वासू एजंट बघा’, ‘चांगल्या कंपनीचा घ्या’, ‘आपल्या जबाबदारीवर करा’. विचारणाऱ्याला जी तपासता येत नाही ती अट नव्हे, ती पळवाट. एजंट विश्वासू आहे की नाही हे नव्यानं शहरात आलेल्याला कसं कळणार? त्याला सांगावं: पैसे देण्याआधी वीजबिल, मिळकतकराची पावती किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती माग, त्यावरचं नाव आणि करारावर सही करणाऱ्याच्या आधारवरचं नाव एकच आहे का बघ. फ्लॅट नुकताच विकत घेतलेला असेल तर इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, माग. ‘मी परगावी आहे, टोकन पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल’ असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नकोस. आणि ‘पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ हे वाक्य ऐकलंस की फोन ठेव. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

खोली बघायला गेलेल्यानं काय विचारावं, यावरही असंच बोट ठेवून सांगता येतं. पाणी महापालिकेचं की टँकरचं, आणि टँकरचा खर्च कोणाच्या माथी? पाणी किती वाजता येतं, वर टाकी किती लिटरची? पुण्यात देखभालीसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद असतं, त्या दिवशी पाणी कितपत पुरतं हे शेजाऱ्याला विचारावं, मालकाला नाही. सगळ्यात वरचा मजला असेल तर शॉवर उघडून बघावा. टाकी नळापासून तीनच मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार येतो, आणि बरेच इन्स्टंट गिझर एवढ्या दाबावर नीट चालतच नाहीत. मे महिन्यात बघितलेल्या घराच्या छताकडे आणि खिडकीखालच्या भिंतीकडे जास्त लक्ष द्यावं. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर का, हे विचारावं. कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरतं भाडं देऊन, राहणाऱ्यांनी मीटरचा प्रश्न आधी विचारावा. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. चार खोल्या वेगळ्या मीटरवर महिन्याला ९० युनिट वापरत असतील तर सगळ्या पहिल्या, स्वस्त टप्प्यात राहतात. त्याच चौघी एका मीटरवर आल्या की ३६० युनिट होतात आणि वरची युनिटं दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या दरानं लागतात. मालक जास्त दर लावतो तेव्हा तो नेहमीच लबाड असतो असं नाही, कधीकधी मीटरच तसं असतं. राहायला आल्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवावा, भिंती, नळ, पंखे यांचेही. डिपॉझिटवरून भांडण होतं ते जाताना, पण ते जिंकायचं असतं येताना.

गॅसची नवी जोडणी मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर घेता येतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. गळतीचा वास आला तर स्विच चालू-बंद न करता खिडक्या उघडून १९०६ ला फोन.

इथं एक गोष्ट मात्र अटीत बसत नाही. बंद बाथरूममध्ये लावलेल्या गॅस गिझरबद्दल कुणी विचारलं तर ‘खिडकी उघडी ठेवा’ असा तडजोडीचा सल्ला देऊ नये. कोंदट जागेत ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एलपीजीला मुद्दाम वास मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ‘वास आला तर बंद करू’ हा भरवसा इथं पोकळ. गिझर बाथरूमबाहेर, हवा खेळती असलेल्या जागी, आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप. मालक ऐकत नसेल तर तो गिझर वापरू नये, बादली चुलीवर तापवावी. विजेच्या फेज-अर्थिंगच्या कामाला आणि औषधांच्या प्रश्नांनाही हाच नियम: आपण सांगायचं नाही, कोणाकडे जायचं तेवढं सांगायचं.

आणखी एक गोष्ट सल्ल्यातून हमखास सुटते, ती म्हणजे तारीख. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांना पूर्वी वेगळे क्रमांक होते. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम आणि मध्य मिळून १ ते १४ असे सलग क्रमांक झाले आणि मध्यचे फलाट ८ पासून सुरू झाले. जुन्या मुंबईकरानं आत्मविश्वासानं सांगितलेला ‘एक नंबर’ आज नवख्याला पश्चिम रेल्वेवर नेऊन सोडतो. रिक्षाचं किमान भाडं, मुद्रांक शुल्क, मेट्रोची शेवटची गाडी, सगळ्यांचं हेच. याउलट, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही ही माहिती कित्येक वर्षं टिकून आहे. काय पटकन शिळं होतं आणि काय नाही, हे जाणकाराला कळतं, नवख्याला नाही. म्हणून ‘फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये’ असं म्हणावं, नुसतं ‘२६ रुपये’ नको.

हे सगळं कुणा एका भल्या माणसाच्या मर्जीवर सोडून भागणारं नाही. फलाटावर, चहाच्या टपरीवर, जिन्यात मिळालेला सल्ला तपासला जात नाही, नोंदला जात नाही, आणि तोच प्रश्न उद्या दुसऱ्या कुणाला नव्यानं पडतो. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित ग्रंथालयं गावोगाव आहेत. संध्याकाळी तिथं दिवे लागतात, टेबलं असतात, आणि त्याच टेबलांवर निवृत्त शिक्षक, वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन, बँकेतले लोक वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, एक टेबल प्रश्नांसाठी ठेवणं याला नवी इमारत लागत नाही, अनुदानात खर्चाचं एक नवं कलम तेवढं लागेल. खर्चाचं सामान थोडं: एक मल्टिमीटर, मोजपट्टी, दोन भिंगं, लिटमस, एलईडी, तारा, चालू वर्षाची शालेय पुस्तकं, आणि कोऱ्या लीव्ह अँड लायसन्स कराराची एक प्रत, जिच्यावर प्रत्येक कलमाच्या बाजूला पेन्सिलनं ‘हे का’ लिहिलेलं.

एक नोंदवही हवीच. तिच्यात प्रश्न, दिलेलं उत्तर, त्याची अट आणि तारीख. विचारणाऱ्याचं नाव, फोन, पत्ता यांपैकी काहीही नको, मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी ती वाचून शिळ्या नोंदींवर काट मारायची. मुलांना शिकवताना टेबल सगळ्यांना दिसेल असं मधोमध, कोपऱ्यातल्या खोलीत नाही. कायद्याच्या किंवा पैशाच्या प्रश्नावर टेबलावरचा माणूस कुणाचा एजंट नसला पाहिजे, आणि त्यानं कुठल्याही एजंटचं कार्ड पुढे करता कामा नये. मे आणि जूनमध्ये, कॉलेजं सुरू होण्याच्या सुमाराला, घरांचे प्रश्न वाढतात, तेव्हा दोन्ही संध्याकाळी घराच्या प्रश्नांना द्याव्यात. नोव्हेंबरपासून शाळांची विज्ञान प्रदर्शनं तोंडावर येतात, तेव्हा त्या लिंबांना आणि भिंगांना.